बऱ्या झालेल्या मुलांची परीक्षा

सिद्धार्थ मुखर्जींचं कॅन्सरवरचं जाडजूड पुस्तक आपल्यापैकी बऱ्याच जणांनी वाचलंय. (निदान विकत तरी घेतलंय :-)) त्यातला सिडनी फार्बर आठवत असेल. बॉस्टनचा डॉक्टर. ल्युकेमिया झालेल्या लहान मुलांना त्याने अमिनोप्टेरिन नावाचं औषध दिलं, १६ पैकी १० मुलांमध्ये सुधारणा दिसली आणि १९४८ साली ते छापून आलं. ज्या लेडर्ली कंपनीतून ते औषध आलं तिथे संशोधनाचा प्रमुख होता आपला येल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचा. फार्बरची ती सुधारणा टिकली नाही. काही महिन्यांत आजार परत आला आणि मुलं गेली. पण रक्ताच्या कॅन्सरवर औषध चालू शकतं हे तरी कळलं.

ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. मला गेले काही वीकांत छळतेय ती तिच्या पुढची गोष्ट. मुलं खरोखर बरी व्हायला लागली त्यानंतर काय झालं, आणि जे झालं ते कुणाच्या लक्षात आलं, त्याची. ते लक्षात यायला मोठी मदत झाली ती टेबलावर ठोकळे, पेन्सिल आणि स्टॉपवॉच घेऊन मुलासमोर तासन्‌तास बसणाऱ्या माणसांची. त्यांना आज पेडियाट्रिक न्यूरोसायकॉलॉजिस्ट म्हणतात. आपल्याकडे "शाळेने पाठवलं म्हणून टेस्टिंग करून घेतलं" एवढाच काय तो यांच्या कामाशी संबंध येतो. म्हणून म्हटलं, जरा सविस्तर लिहावं.

आधी आजाराबद्दल थोडं. लहान मुलांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर म्हणजे अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. साधारण दोन ते पाच वर्षांच्या मुलांत त्याचं प्रमाण सर्वाधिक. १९६२ साली अमेरिकेत मेम्फिसला सेंट ज्यूड नावाचं मुलांचं रुग्णालय सुरू झालं, तेव्हा या आजारातून जगणारी मुलं होती शेकडा चार. चार! तिथला पहिला संचालक डोनाल्ड पिंकेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळी औषधं एकत्र देऊन आजार रक्तातून हाकलून लावला, पण मग एक विचित्र प्रकार दिसायला लागला. रक्त स्वच्छ, अस्थिमज्जा स्वच्छ, मूल खेळतंय, आणि एक दिवस डोकं दुखतं म्हणून येतं. आजार मेंदूच्या आवरणात परतलेला. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये शरीराने एक गाळणी बसवलेली आहे. बरीचशी औषधं ती ओलांडून जातच नाहीत. कॅन्सरच्या पेशी मात्र तिच्या पलीकडे जाऊन लपून बसायच्या. निम्म्याहून जास्त मुलांचं असं व्हायचं.

उपाय सरळ होता आणि भयंकर होता. आजार दिसत नसतानाच सगळ्या डोक्याला रेडिएशन द्यायचं, शिवाय मणक्यातून औषध सोडायचं. १९६७ साली सुरू झालेल्या 'टोटल थेरपी ५' या उपचारपद्धतीत डोक्याला २४०० रॅड दिले गेले. निम्म्याच्या आसपास मुलं कायमची बरी झाली. चारावरून पन्नास! वैद्यकाच्या इतिहासात अशा उड्या फार नाहीत. सत्तरच्या दशकात ही पद्धत बहुतेक ठिकाणी रूढ झाली.

आता एखादं मूल डोळ्यांसमोर आणा. चार वर्षांची मुलगी, उपचार संपले, केस परत आले, शाळेत जायला लागली. आईवडील देवाचे आणि डॉक्टरांचे आभार मानतायत. दुसरीत, तिसरीत ती जरा मागे पडते. "आजारपणात शाळा बुडली ना, म्हणून." चौथीत गणितं येतात पण वेळेत होत नाहीत. "हळूबाई आहे जरा." पाचवीत वर्गातलं फळ्यावरचं उतरवून पूर्ण होत नाही. बाई म्हणतात लक्ष देत नाही. कुणाच्या मनातही येत नाही की याचा सहा वर्षांपूर्वीच्या रेडिएशनशी काही संबंध असेल. आणि यावं तरी का? ती बोलते छान, हसते छान, विचारलेल्याचं उत्तर बरोबर देते.

डॉक्टरांना शंका नव्हती असं मात्र नाही. १९७५ साली सेंट ज्यूडच्याच मंडळींनी न्यू इंग्लंड जर्नलमध्ये एक अभ्यास छापला. रेडिएशन घेतलेल्या मुलांच्या मानसशास्त्रीय चाचण्या घेतल्या होत्या. निष्कर्ष: लक्षात घेण्याजोगा दुष्परिणाम आढळला नाही.

आमच्या धंद्यातल्या माणसाला इथे एकदम काहीतरी आठवतं. रिलीज झाल्यावर पहिल्या आठवड्यात सगळं हिरवं असतं. मेमरी लीक दिसायला सिस्टिम बराच काळ चालू राहावी लागते. १९७५च्या अभ्यासात लबाडी नव्हती, चाचण्याही ठीक होत्या. पण हा परिणाम उमटायला वर्षं लागतात, आणि ते तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्याच वर्षी जूलिओ डँजिओ नावाच्या डॉक्टरने एक लेख लिहिला, त्याच्या शीर्षकातच म्हटलं होतं की नुसतं बरं होणं पुरेसं नाही. गंमत म्हणजे हा माणूस स्वतः रेडिएशन देणारा डॉक्टर होता. १९७८ साली दुसऱ्या एका गटाने, वरकरणी काहीही तक्रार नसलेल्या अशाच मुलांच्या मेंदूचे सीटी स्कॅन काढले, तर जवळजवळ निम्म्या मुलांत काही ना काही बिघाड दिसला. मग १९८१ साली फिलाडेल्फियाच्या मुलांच्या रुग्णालयातल्या अ‍ॅना मेडोज आणि तिच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये आकडे मांडले. रेडिएशन घेतलेल्या मुलांचा बुद्ध्यांक पुढच्या वर्षांत खाली येत गेला होता, आणि सगळ्यात जास्त फटका सगळ्यात लहान मुलांना बसला होता.

हे शेवटचं वाक्य तेव्हाच्या समजाला छेद देणारं होतं. १९३०च्या दशकात मार्गारेट केनार्डने माकडांवर प्रयोग करून दाखवलं होतं की हालचालीशी संबंधित मेंदूच्या भागाला अगदी बालवयात इजा झाली तर पिल्लू मोठ्या माकडापेक्षा चांगलं सावरतं. त्यातून "लहान मेंदू लवचिक, जितकं लहान तितकं बरं" हा समज पक्का झाला. (केनार्डने स्वतः एवढं सरसकट विधान केलेलं नव्हतं. नंतरच्यांनी तिच्या नावावर 'तत्त्व' खपवलं.) रेडिएशनच्या बाबतीत चित्र उलटं निघालं. का, ते सांगतो, पण त्याआधी ही मंडळी मोजतात तरी कसं ते बघू.

फिलाडेल्फियाचं नाव आलंय तर एक आडवळण. मुलांच्या शिकण्याच्या अडचणींसाठी मानसशास्त्राचं पहिलं क्लिनिक याच शहरात, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात, १८९६ साली लाइटनर विट्मरने सुरू केलं. पहिला पेशंट चौदा वर्षांचा मुलगा. बाकी हुशार, पण स्पेलिंग काही केल्या जमेना. त्याला घेऊन आली त्याची शिक्षिका. विट्मरने तपासलं तेव्हा कळलं की दृष्टीतही दोष आहे. चष्मा दिला आणि त्याच्या जोडीला शिकवणीही. मला यातलं आवडतं ते हे, की "मूल मठ्ठ आहे का?" असा प्रश्नच त्याने घेतला नाही. "नेमकं कुठे अडतंय?" हा प्रश्न घेतला. नऊ वर्षांनी, १९०५ साली, पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमों यांनी तीस प्रश्नांची चाचणी केली, तीही शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना मदत करता यावी म्हणून. पुढे त्या चाचणीचा अमेरिकेत जो एका आकड्याचा शिक्का झाला आणि त्या शिक्क्याने जे अत्याचार झाले, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. असो.

तर, मूल्यमापन. अशी तपासणी साधारण पाच-सहा तास चालते, कधी दोन दिवसांत विभागून. सुरुवात मुलापासून होतच नाही, आईवडिलांपासून होते. गरोदरपण, जन्म, कधी बोललं, कधी चाललं, आजार, औषधं, घरात कोणती भाषा, शाळेत कोणती. शाळेच्या वह्या मागवतात. (वह्या हा फार प्रामाणिक दस्तऐवज असतो. पहिलं पान सुवाच्य, तिसऱ्या ओळीनंतर अक्षर घसरत गेलेलं.) मग चाचण्या. आकडे ऐकून तसेच म्हणायचे, मग उलटे म्हणायचे. रंगीत ठोकळ्यांनी चित्र जुळवायचं. चिन्हांची जोडी बघून दोन मिनिटांत जितकी भरता येतील तितकी घरं भरायची. गोष्ट ऐकून सांगायची आणि अर्ध्या तासाने परत सांगायची. नेमके प्रश्न ही मंडळी बाहेर सांगत नाहीत, आणि ते योग्यच आहे. नाहीतर आपल्याकडे महिन्याभरात त्याचे क्लासेस निघतील.

यातल्या ठोकळ्यांच्या आणि चिन्हांच्या चाचण्या डेव्हिड वेक्सलरच्या संचातल्या, मुलांसाठीची आवृत्ती १९४९ची. पण खरा कस आहे तो नुसत्या गुणांपलीकडे बघण्यात. बॉस्टनमध्ये एडिथ कॅप्लान नावाच्या बाईने हे आयुष्यभर लावून धरलं: उत्तर चुकलं एवढं लिहू नका, कसं चुकलं ते लिहा. दोन माणसांना ठोकळ्यांच्या चाचणीत सारखेच शून्य गुण मिळतात. एकाने बाहेरचा चौकोनी आकारच मोडलाय, दुसऱ्याचा आकार नीट आहे पण आतली नक्षी गोंधळलीय. मेंदूतल्या अडचणी दोन वेगळ्या, गुणपत्रिका एक. आंद्रे रे या स्विस मानसशास्त्रज्ञाची १९४१ची एक किचकट आकृती आहे, बघून काढायची आणि नंतर आठवून काढायची. ती काढताना काही तपासनीस मुलाच्या हातातली पेन्सिल मध्येमध्ये बदलतात, दर वेळी वेगळा रंग. शेवटी रंगांवरून कळतं की मुलाने आधी मोठा आयत काढून मग तपशील भरले, की डावीकडच्या कोपऱ्यातून एकेक तुकडा जोडत गेलं. म्हणजे चक्क लॉग फाइल! अंतिम आउटपुट एकच, पण एक्झिक्युशन ट्रेस वेगळा.

आता परत आपल्या मुलीकडे. या मुलांच्या चाचण्यांत एक ठरावीक नक्षी दिसायला लागली. शब्दसंपत्ती, सामान्य ज्ञान, ओळखीच्या गोष्टी बऱ्यापैकी शाबूत. मार बसलेला लक्ष टिकवण्याला, डोक्यात एका वेळी चार गोष्टी धरून ठेवण्याला, आणि वेगाला. उत्तर बरोबर, पण उशिरा. बॉस्टनच्याच डेबोरा वेबर यांच्या गटाने १९९०च्या सुमारास दाखवलं की मुलींना मुलांपेक्षा जास्त फटका बसतो.

आणि "बुद्ध्यांक खाली येतो" म्हणजे काय होतं? मूल शिकलेलं विसरत जातं का? इथे आकड्यांची एक खोच आहे. बुद्ध्यांक हा त्याच वयाच्या इतर मुलांशी केलेल्या तुलनेतून निघतो, सरासरी १००. समजा सहा वर्षांची मुलगी एका चाचणीत ३० घरं भरते आणि त्या वयाची सरासरीही ३०. झाले १००. नऊव्या वर्षी ती ३६ भरते. वाढलीच की! पण बरोबरच्यांची सरासरी तोवर ४५ झालेली. तिचा आकडा घसरला. (हे आकडे माझे, समजावण्यापुरते.) २००१ साली सेंट ज्यूडच्या संशोधकांनी मेंदूत गाठ असलेल्या आणि रेडिएशन घेतलेल्या मुलांचे कच्चे गुण वर्षानुवर्षांचे तपासले आणि हेच दाखवलं. मुलं शिकत होती, फक्त संथ गतीने. गमावलेलं काही नव्हतं, मिळवण्याचा वेग कमी होता. म्हणूनच घरच्यांना दिसत नव्हतं. काल येत होतं ते आज येईनासं झालं तर आई लगेच ओळखते. पण जे उद्या यायला हवं होतं ते आलं नाही, हे ओळखायला शेजारी मोजपट्टी लागते.

कारण मेंदूच्या पांढऱ्या भागात आहे. मज्जातंतूंवर मायलिन नावाचं चरबीचं वेष्टन चढतं, त्यामुळे संदेश वेगाने धावतात. हे वेष्टन चढवण्याचं काम जन्मानंतर जोरात सुरू होतं आणि कपाळामागच्या भागात तर विशीपर्यंत चालतं. ते चढवणाऱ्या पेशी रेडिएशनला नाजूक. चार वर्षांच्या मुलाचं बहुतेक वायरिंग अजून व्हायचंय, तेव्हाच वायरमनला मारलं तर! पंधरा वर्षांच्या मुलाचं निदान बरंचसं झालेलं असतं. केनार्डची माकडं एकीकडे खरी आणि ही मुलं दुसरीकडे खरी, ती अशी.

पुढे जे झालं ते मला या सगळ्यातलं सगळ्यात मोठं वाटतं. कॅन्सरच्या डॉक्टरांनी हे आकडे मनावर घेतले. विचार करा, जी गोष्ट मुलांना जगवतेय ती कमी करायची. एक जरी मूल त्यामुळे दगावलं तर? ठोकळे जुळवायला वेळ लागतो म्हणून? तरीही त्यांनी टप्प्याटप्प्याने केलं. २४०० चे १८०० केले. बघितलं, आजार परतण्याचं प्रमाण वाढलं नाही. मग कमी धोक्याच्या मुलांना रेडिएशन पूर्ण बंद करून मणक्यातली आणि शिरेतली औषधं वाढवली. जर्मनांनी काही मुलांना १२०० वर आणलं, डच डॉक्टरांनी तर सरसकट वगळून पाहिलं. २००९ साली सेंट ज्यूडचा अहवाल आला: २००० ते २००७ या काळात ४९८ मुलं, प्रतिबंधक रेडिएशन कुणालाच नाही, पाच वर्षांनी ९३.५ टक्के मुलं हयात. ज्या रुग्णालयाने ते रेडिएशन रूढ केलं त्यानेच ते काढून दाखवलं. अर्थात औषधं अगदी निरुपद्रवी नाहीत. फक्त औषधांवर बऱ्या झालेल्या मुलांतही लक्ष आणि वेग यांची थोडी कुरबुर राहते, पण पूर्वीच्या मानाने ती खूपच सौम्य.

ज्यांना आधीच रेडिएशन मिळालं होतं त्यांचं काय? तिथे यश तोकडं आहे, हे सरळ सांगतो. एकाग्रतेसाठी मिथाइलफेनिडेट देऊन बघितलं, काहींना उपयोग झाला. रॉबर्ट बटलर आणि सहकाऱ्यांनी मुलांना लक्ष देण्याच्या युक्त्या शिकवणारा एक कार्यक्रम बसवला, त्याचे निकाल २००८ साली आले. शालेय अभ्यासात थोडी सुधारणा झाली, आईवडिलांनाही फरक जाणवला, पण चाचण्यांमधले आकडे फारसे हलले नाहीत. सेंट ज्यूडमध्ये संगणकावर स्मरणाचे व्यायामही करून घेतले, २०१५ साली बरे निकाल आले. पण सगळ्यात खात्रीची मदत अगदी साधी असते. परीक्षेला जादा वेळ. फळ्यावरचं उतरवण्याऐवजी छापील नोट्स. पुढचा बाक. वीस गणितांऐवजी त्याच प्रकारची दहा. अमेरिकेत १९७५च्या कायद्यामुळे शाळांना हे नाकारता येत नाही, आणि तो हक्क मिळवायला न्यूरोसायकॉलॉजिस्टचा अहवाल हाच पुरावा असतो. आपल्याकडेही दहावीला अध्ययन-अक्षम मुलांना जादा वेळ मिळतो, ते याच जातीचं. तो वेळ म्हणजे मेहेरबानी आहे असं अजूनही स्टाफरूममध्ये बोललं जातं. वेग मंदावलाय आणि समज शाबूत आहे, हे मोजून सिद्ध झालेलं असताना दुसरं काय द्यायचं त्या मुलाला?

हे सगळं परदेशातच घडलं असं नाही. १९८४ साली भारतातल्या मोठ्या कॅन्सर केंद्रांसाठी एमसीपी-८४१ नावाची उपचारपद्धत आखली गेली. मुंबईचं टाटा मेमोरियल त्यात होतं, आणि डोक्याचं रेडिएशनही त्यात होतं. हजारो रुपयांची औषधं आणि अतिदक्षता विभाग नसताना ते योग्यही होतं. आधी मूल जगायला हवं. १९९१ साली टाटामध्येच उपचार संपलेल्या मुलांसाठी वेगळं क्लिनिक सुरू झालं, म्हणजे "बरं झाल्यावर पुढे काय" हा प्रश्न इथेही विचारला गेला.

पण मोजायची पट्टी? शेजारच्या मुलांशी तुलना करायची तर शेजारची मुलं मोजलेली हवीत. धारवाडच्या वि. वि. कामतांनी बिनेच्या चाचणीवरून कानडी आणि मराठी मुलांसाठी चाचणी बसवली, तिचा शोधनिबंध १९३४ सालचा. नागपूरच्या चाइल्ड गायडन्स सेंटरमधून मॅलिन यांनी वेक्सलरची चाचणी भारतीय मुलांसाठी बसवली ती १९६९ साली. दोन्ही कामं प्रचंड मेहनतीची, आणि आपण मराठी लोकांनी जरा जास्त अभिमान बाळगावा अशी. अडचण एवढीच की त्या पुढे कैक दशकं वापरल्या गेल्या. जगभर दर पिढीला मुलांचे सरासरी गुण वाढत गेलेत, जेम्स फ्लिन यांनी ते दाखवून दिलंय. त्यामुळे जुन्या पट्टीवर आजचं मूल आहे त्यापेक्षा हुशार दिसतं. संथपणे मागे पडणारं मूल शोधायचंय, तर अशी पट्टी नेमका तोच दोष झाकते. बंगळूरच्या निम्हान्सने पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी मेंदूच्या वेगवेगळ्या कामांच्या चाचण्यांचा संच आणि भारतीय मुलांचे आकडे तयार केले, ते २००४ मध्ये.

सत्तरच्या दशकात २४०० रॅड घेतलेली मुलं आता पन्नाशीच्या घरात आहेत, काही पलीकडेही. २००७ पासून सेंट ज्यूड त्यांना परत बोलावतं, राहायची सोय करतं आणि तपासतं. २०१३ साली त्यांच्यातल्या काहींचे निकाल आले. १८०० वाल्यांपेक्षा २४०० वाल्यांची स्मरणशक्ती वयाच्या मानाने लवकर थकलेली दिसली. तपासणीत अजूनही तेच असतं. समोर टेबल, हातात स्टॉपवॉच, एक गोष्ट ऐकवायची आणि अर्ध्या तासाने विचारायचं, काय आठवतंय?